बिनबैठकीची खुर्ची

बापूने खुर्ची केली आणि तिला बसायला जागाच ठेवली नाही, हे राहेलबाई झिराडकरांचं दुःख होतं. आणि राहेलबाईंचं दुःख मनात मावणारं नसे. ते सकाळी दूधवाल्यापासून सुरू व्हायचं आणि दिवेलागणीपर्यंत जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या भाजीबाजारात पोचायचं. "चार पाय केले, पाठ केली, हात टेकायला दांडे केले," त्या सांगत. "सगळं केलं आणि मधे भोक. अरे, याला मी नऊ महिने पोटात वाढवला, मी सोडला होता का असा मधेच?"

बापू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, नातान. शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. नोकरी चांगली, पेन्शनची, पण मुंबईला चित्रकलेचं शिकून आल्यापासून त्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता. घरातली देवाधर्माची वस्तू दिसली की त्याला ती नव्या तऱ्हेने करावीशी वाटे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायचा, तो झिराडकरांकडे साखळीला टांगलेला काचेचा होता. बापूने त्याच्या जागी सायकलच्या रिमचा टांगला. हनुक्काच्या सणाला आठ दिवे लागतात, ते त्याने विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या कपांचे केले, आणि तेव्हापासून येणारा-जाणारा त्यात करंट आहे का म्हणून लांबूनच बघत असे. राहेलबाईंनी हे सगळं सोसलं. सोसलं म्हणजे रोज बोलून दाखवलं, पण दिवे लावले.

खुर्चीची गोष्ट मात्र वेगळी होती. ती साधी खुर्ची नव्हे, एलियाहू नबींची.

इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरी मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करतात, तिला मिला म्हणतात. त्या वेळी एलियाहू नबी, इस्राएलांचे फार जुने प्रेषित, जातीने हजर असतात, म्हणून त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडायची. मुंबईच्या सिनेगॉगात, म्हणजे प्रार्थनामंदिरात, ती कायमची असते, मखमलीची. जबलपुरात सिनेगॉगच नाही. इस्राएलांची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि तीही बदल्या होतील तशी कमी होत गेलेली. बाकीच्या गावाला झिराडकर म्हणजे कोण हे कधी उमगलंच नाही. कोणी त्यांना ख्रिस्ती समजे, कोणी पारशी. राहेलबाई चूक दुरुस्त करीत नसत. चुकणाऱ्याला दुरुस्त करीत.

सून एस्तेर गरोदर राहिली तेव्हाच मुंबईहून हस्केलजी हज्जानांचा निरोप आला होता. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि राहेलबाईंचे दूरचे दीर. मुलगा झाला तर इकडे घेऊन या, तिकडे जंगलात कसली मिला करता, असं त्यांचं म्हणणं. राहेलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथी नापास बाई, पण उत्तर असं सांगितलं की बापूने ते एकही शब्द न बदलता लिहिलं: "एलियाहू नबी रानातच राहत होते, कावळे त्यांना भाकर आणून देत. त्यांना जबलपूर नवं नाही. नवं असेल तर तुम्हाला आहे. तिकीट आम्ही काढतो."

तेव्हा आता प्रश्न एका खुर्चीचा राहिला नव्हता. मिला झिराडकरांच्या घरी, शोभेल अशी व्हायला हवी होती. त्यात एक जरी उणं निघालं तर हज्जान परत मुंबईला पोचायच्या आधी बातमी पोचली असती.

आणि बापू म्हणाला, "आई, खुर्ची मी करतो."

राहेलबाईंनी त्याला खुर्चीबद्दल सगळं सांगितलं होतं. लग्नाआधी त्या मुंबईला प्रत्येक मिलेला जात. "पाठ उंच असते, दाराकडे तोंड असतं," त्या म्हणाल्या. "आणि मुख्य म्हणजे त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. राजा आला तरी नाही." बापूने हे मान डोलावून ऐकलं. आज्ञाधारक मुलगा असण्याचे तोटे असे असतात. कोणी बसतच नाही तर बैठक कशाला, हा विचार त्याच्या डोक्यात पक्का झाला तो तिथेच.

भेडाघाटच्या रस्त्याला एका सुताराकडे महिनाभर रोज शाळा सुटल्यावर जाऊन त्याने ती सागवानाची खुर्ची उभी केली. सुताराने तीनदा विचारलं म्हणे, "मास्साब, पटिया कब लगेगा?" बापू तीनदा हसला. त्याने काढलेलं खुर्चीचं चित्र राहेलबाईंनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

बाळ जन्माला आलं, मुलगाच. दुसऱ्या दिवशी बापू टेम्पो घेऊन खुर्ची आणायला गेला आणि दुपारी हात हलवत परत आला. जंगल खात्याच्या नाक्यावर अडवली होती. सागवान न्यायचं तर परवाना लागतो. फर्निचर असेल तर लागत नाही. नाक्यावरच्या बाबूने खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, फर्नीचर है तो बैठके दिखाइए. आणि आमचा हा राजा हरिश्चंद्र त्याला म्हणाला, इस पर कोई नहीं बैठता. मग ही लाकडं आहेत, असा बाबूने निकाल दिला. लाकडांचा परवाना कुठाय?

राहेलबाईंनी पदर खोचला. बाळंतिणीच्या उशाशी शेजारच्या मालनबाईंना बसवलं आणि स्वतः टेम्पोत चढल्या. वाटेत बापूशी चकार शब्द बोलल्या नाहीत. महिनाभर जिला खुर्ची म्हणायला त्या तयार नव्हत्या ती खुर्चीच आहे हे सरकारदरबारी शपथेवर सांगायची वेळ पोटच्या पोराने आणली होती. काय बोलणार?

नाक्यावर खुर्ची उन्हात उभी होती. कोणीतरी तिच्या पाठीवर टॉवेल वाळत घातला होता. राहेलबाईंनी आधी तो काढून बाबूच्या टेबलावर ठेवला.

"ये कुर्सी है," त्या म्हणाल्या.

"माताजी, बैठने की जगह कहाँ है?"

राहेलबाईंनी आत पाहिलं. आत साहेबांची खोली होती. "वो तुम्हारे साहब की कुर्सी है ना? साहब कहाँ है?"

"दौरे पर."

"कब से?"

बाबूने नीट आठवून पाहिलं. त्याला आठवलं नाही.

"उस पर भी कोई नहीं बैठता," राहेलबाई म्हणाल्या. "तो वो लकड़ी हो गई क्या? उसका परवाना दिखाओ."

बाबू माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त एवढंच विचारलं की या कुर्सीवर बसणार कोण. राहेलबाई म्हणाल्या, जो बैठेगा वो दिखता नहीं. बाबूने उसासा टाकला. आमचे साहेबही दिसत नाहीत, म्हणाला, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. 'कुर्सी, एक नग, अपूर्ण' असं त्याने मोठ्याने वाचून दाखवलं.

आता खरं तर प्रश्न मिटला होता. पण राहेलबाई उठल्या नाहीत. "अपूर्ण काटो," त्या म्हणाल्या.

बाबूने सांगून पाहिलं की माताजी, अपूर्ण तर आहेच. घरात दिवसातून दहादा हेच म्हणणाऱ्या राहेलबाईंना परक्याच्या तोंडून ते ऐकवेना. मेरे लड़के ने पूरी बनाई है, असं त्या दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. बाबूने शब्द खोडला. बापू बाहेर टेम्पोला टेकून उभा होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. आणि परतीच्या वाटेवर त्याला जे ऐकू गेलं ते निराळंच होतं.

खुर्ची घरी आली आणि पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून उभी राहिली. ती खोली ती केवढी. एक दिवाण, एक कपाट, आणि बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ. खरं सांगायचं तर खुर्ची दिसायला देखणी होती. पाठीच्या दोन फळ्या वर जाऊन अशा वळल्या होत्या की कोणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि खांद्यांचा आकार मागे राहिलाय असं वाटावं. हे एस्तेरने आतल्या खोलीतून, बाजेवर पडल्या पडल्या सांगितलं. राहेलबाई म्हणाल्या, बाळंतिणीने जास्त बोलू नये, दुधावर परिणाम होतो.

येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे, मग खुर्चीकडे आणि मग राहेलबाईंकडे बघे. वरच्या मजल्यावरच्या कुसुमबाईंनी खाटेसारखी निवार विणून घ्यायला सांगितलं, दुपारभराचं काम आहे म्हणाल्या. निवृत्त ओव्हरसियर रत्नाकर यांनी प्लायवुड सुचवलं आणि खिशातून टेप काढून मापंही घेतली. सदरच्या छावणीतून आलेल्या एका फौजी बाईंना वाटलं की ही पाळण्याची चौकट आहे आणि दोऱ्या विसरल्यात. राहेलबाई सगळ्यांना एकच सांगत. ही पाहुण्यांची खुर्ची आहे, पाहुणे यायचे आहेत. कोण पाहुणे असं कोणी विचारलं की चहा पुढे करत.

हे गुलाबरावांना कोणी सांगितलं नाही. गुलाबराव म्हणजे मालनबाईंचे यजमान, फॅक्टरीत फोरमन, अंगापिंडाने भरभक्कम. संध्याकाळी ड्यूटी आटपून ते बाळाला बघायला आले, तेव्हा नेमकी वीज गेली होती. राहेलबाई कंदिलाची काच पुसत होत्या. गुलाबरावांनी अंधारात चाचपून खुर्चीचे दांडे धरले, "बसतो जरा" म्हणाले, आणि बसले. म्हणजे गेले. कंदील आला तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते आणि चपला हवेत होत्या.

"काहून बसले तिथं?" मालनबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "साऱ्या मोहल्ल्याले माहीत हाय का बसाचं नाही म्हणून."

"मले वाटलं नव्या पद्धतीची हाय," गुलाबराव आतून म्हणाले.

त्यांना काढायला बापू, रत्नाकर आणि खोबरेल तेल लागलं. सगळे गुलाबरावांना जपून ओढत होते. राहेलबाई एकट्याच खुर्चीचे पाय धरून बसल्या होत्या आणि हळू, हळू, तडकेल ती, असं बजावत होत्या. तडकली नाही. गुलाबराव कमरेला हात लावून घरी गेले, आणि लाज वाटून मालनबाई मागे थांबल्या. फडकं घेऊन दोघी खुर्चीवरचं तेल पुसू लागल्या.

"ताई, एक सांगू का," मालनबाई म्हणाल्या. "आमचं महिला मंडळ सांचीले गेलं होतं. तिथं दगडात झाड कोरलं हाय. झाडाखाली आसन हाय, अन आसनावर कोणीच नाही. मी म्हटलं, आमचे भगवान कुठं गेले? तर गाइड म्हणे, हेच भगवान. जुन्या लोकायनं मूर्ती नाही केली, जागा ठेवली. मी तिथं लय वेळ उभी राहिली. मले तर मूर्तीपरीस तेच पटलं."

राहेलबाईंचं फडकं थांबलं. मूर्ती न करणारी माणसं आपणच एकटी, असा त्यांचा आजवर समज होता. पण पटलं म्हणून लगेच कबूल करायचं असं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

"तुमच्याकडे निदान आसन तरी होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराने तेही ठेवलं नाही."

मालनबाई हसल्या. खुर्ची मात्र त्या दिवशी गरजेपेक्षा बराच वेळ पुसली गेली.

आठव्या दिवशी सकाळी गाडी उशिरा आली आणि हस्केलजी हज्जान स्टेशनवरूनच तयारीने घरी आले. पांढरी दाढी, काळी टोपी, हातात सुंतेच्या सामानाची पेटी. भुसावळहून एस्तेरचे वडील आले होते; बाळाला मांडीवर धरायचा मान त्यांचा. बापू नवा सदरा घालून भिंतीला टेकला होता. आठवडाभर सगळं गाव खुर्चीवर बोलत होतं, तो एक शब्द बोलला नव्हता. आता त्याची नजर हज्जानांवरून हलत नव्हती.

हज्जान खुर्चीपाशी थांबले. पाठीवरून हात फिरवला.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "पण वहिनी, बाळ कशावर ठेवायचं?"

"मांडीवर. व्याह्यांच्या."

"ते नंतर. आधी बाळ या खुर्चीवर ठेवायचं, नबींच्या स्वाधीन करायचं, दोन शब्द बोलायचे, मग मांडीवर. इतक्या मिला पाहिल्यात ना तुम्ही?"

राहेलबाईंनी पाहिल्या होत्या. पण बायका बसायच्या वरच्या सज्जात. तिथून दिसायची खुर्चीची उंच पाठ आणि तिच्याभोवती दाटलेल्या पुरुषांच्या टोप्या. टोप्यांच्या आत काय होतं ते त्यांना कधी दिसलं नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं, आणि विचारणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. जे दिसलं तेवढंच त्यांनी मुलाला सांगितलं, मुलाने तेवढंच केलं. त्यांनी बापूकडे पाहिलं. बापू फरशीकडे बघत होता.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. रत्नाकर घरून फळी घेऊन आले. पण बापूने बैठकीच्या पट्ट्या सरळ ठेवल्या नव्हत्या, मधे उंचवटा दिला होता. फळी तराजूसारखी हलू लागली. आधी परीक्षा घेऊ, असं ठरलं. बाळाच्या वजनाचा भोपळा शोधून गुंडाळून ठेवला. हज्जानांनी दोन शब्द म्हणेपर्यंत भोपळा राहिला, तिसऱ्याला गडगडत जाऊन कपाटावर फुटला. आतून एस्तेरने हे पाहिलं आणि बाळाला छातीशी आवळून धरलं. निवारीचं दुकान उघडायला अवकाश होता.

हज्जान वैतागले नाहीत, हे कबूल करायला हवं. "साधी खुर्ची आणा एक," ते म्हणाले. "वर उशी टाका. नबी तिच्यावरही येतील. ही बाहेर ठेवून द्या, जागा होईल."

गुलाबराव स्वतःच्या घरून घडीची लोखंडी खुर्ची घेऊन आले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोडगा निघाला होता, मिला वेळेवर होणार होती, नाक राहणार होतं. बापू भिंतीपासून निघाला. कोणाकडे न बघता त्याने आपली खुर्ची उचलली. हलकी होती, एका हातात आली. तो दाराकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा पहिलीत पाटी फुटली तेव्हा झाला होता तसा झाला होता. राहेलबाईंनी तो पाहिला.

महिनाभर या खुर्चीला नावं ठेवण्याचा हक्क त्यांनी बजावला होता. पण तो हक्क त्यांचा होता. खुर्ची घराबाहेर काढायचा हक्क त्यांनी कोणालाच दिला नव्हता, मुंबईच्या हज्जानांनाही नाही.

"ठेव ती खाली," त्या म्हणाल्या.

बापूने ठेवली.

राहेलबाईंनी स्वयंपाकघरातून पाट आणला. खुर्चीच्या बाजूला मांडून त्यावर बसल्या, गुडघे कुरकुरले ते सगळ्यांनी ऐकलं. मग दांड्याखालून दोन्ही हात आत घातले. कोपरं अलीकडच्या पट्टीवर टेकली, मनगटं पलीकडच्या. बांगड्या लाकडावर वाजल्या. उंचवट्याच्या दोन बाजूंना दोन हात अगदी बेतून केल्यासारखे बसले. "उशी टाका," त्या म्हणाल्या. "आणि आणा त्याला."

बाई आणि नबींच्या खुर्चीत हात. सगळे हज्जानांकडे बघू लागले. हज्जान दाढीवरून हात फिरवत बराच वेळ आठवत राहिले.

"मना आहे असं कुठं वाचलेलं आठवत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण वहिनी, हात हलता कामा नये."

"तुमची जीभ अडखळू देऊ नका म्हणजे झालं."

मालनबाईंनी आतून बाळ आणलं. हज्जानांनी ते घेतलं, खुर्चीवर, म्हणजे राहेलबाईंच्या हातांवर ठेवलं, आणि म्हणायला सुरुवात केली. ही एलियाहू नबींची खुर्ची, त्यांचं स्मरण भलं असो. राहेलबाईंना ते शब्द वरच्या सज्जातून ऐकून पाठ होते. आता ते अगदी डोक्याशी येत होते, आणि डोळ्यांसमोर खुर्चीची पाठ नव्हती, टोप्या नव्हत्या. बाळाचं मुठीएवढं तोंड होतं. त्याने जांभई दिली. आपले हात हलू नयेत म्हणून राहेलबाईंनी दात आवळून धरले, आणि डोळ्यांतून जे वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

मग हज्जानांनी बाळ उचललं, व्याह्यांच्या मांडीवर दिलं, आणि पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. बाळ रडलं, मनुकांच्या सरबताचा बोळा तोंडाला लावल्यावर गप्प झालं. आतल्या खोलीत एस्तेर रडली, ती बोळ्याने गप्प होणारी नव्हती. पोह्यांत गूळ-खोबरं कालवून केलेला मलिदा वाटला गेला. गुलाबराव उभ्यानेच खात होते.

राहेलबाईंचे हात मात्र खुर्चीतच राहिले होते. मुंग्या आल्या होत्या, निघेनात. मालनबाई एक हात चोळत होत्या, दुसरा बापू खाली बसून चोळत होता. हज्जानांचं जेवण व्हायचं होतं, माणसं इकडेतिकडे होती. बापू मान खाली घालून हळूच म्हणाला, "आई, उद्या फळी बसवून घेतो. नीट मापाची."

राहेलबाईंनी हात बाहेर काढला, बोटं उघडमीट करून पाहिली आणि त्याच हाताने त्याची हनुवटी वर उचलली.

"ऐक बापू," त्या म्हणाल्या. "खुर्ची तुझी चुकलीच आहे. हे मी आजही सांगते आणि मरेपर्यंत सांगणार. पण तिला फळी ठोकलीस ना, तर माझ्याशी गाठ आहे. पुढच्या पोराच्या वेळी मी हात कुठं घालू?"